येसूबाईची टाकी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. नाव ऐकून गच्चीवर पाणी शोधायला जाऊ नका. मी दगडावर घाव घालायची टाकी आहे. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, एका टोकाला हातोडीचा मार खाऊन चपटी झालेली आणि दुसऱ्या टोकाला अजून अणकुचीदार. मला जराशी घमेंड आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी गोष्ट ऐकलीत की ती का आहे ते कळेल.

खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगची एक पहार मोडली. तिचा तुकडा भिमाजी लोहाराच्या भट्टीत लाल झाला, ठोकला गेला, पाण्यात बुडाला आणि मी जन्मले. भिमाजीने मला येसूबाईच्या हातात दिलं. तेव्हा घरोघरी मिक्सर नव्हते. मसाला पाट्यावर वाटायचा आणि डाळ जात्यावर भरडायची. वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरायची. मग रस्त्यावरून हाळी यायची, "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ!" ती हाळी येसूबाईची. ती दगडावर माझ्या टोकाने बारीक बारीक खाचा पाडायची आणि पाटा पुन्हा नव्यासारखा व्हायचा. लोणावळ्याच्या गल्ल्यांपासून खंडाळ्याच्या बंगल्यांपर्यंत मी चावले नाही असा पाटा सापडणं कठीण होतं.

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडाळ्यात हमीदभाई नावाचे रेल्वेचे खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, राहत. त्यांची मुलगी अजीजुन्निसा मुंबईला शिल्पकला शिकत होती. तिथे रोज माणसांची डोकी घडवायला लावत, आणि हिला नाक काही जमत नव्हतं. सुट्टीत घरी आली ती कॉलेज सोडायचं ठरवूनच. उंबऱ्यावर गाल फुगवून बसली होती. समोर अंगणात येसूबाई तिच्या अम्मीच्या पाट्याला टाकी लावत होती. मधून सुरुवात, मग हळूहळू कडेकडे, एकही खाच दुसरीवर चढत नव्हती.

बराच वेळ बघून अजीजुन्निसाने विचारलं, "मावशी, हे चित्र कशाचं?"

"कशाचं बी न्हाई."

"मग इतकं निगुतीने कशाला करता?"

येसूबाईने तिचा हात धरून पाट्यावर ठेवला. "आता फिरव. घसरतोय का?"

"नाही."

"ठरतोय न्हवं? मग झालं. दगडावर हात ठरला पायजे."

अजीजुन्निसा तो हात उचलेचना. दगडाने कोणासारखं तरी दिसलंच पाहिजे असं नाही, ही गोष्ट तिला त्या अंगणात कळली. पुढचे आठ दिवस ती येसूबाईबरोबर दारोदार फिरली आणि मला धरायला शिकली. कॉलेजला परत जाताना तिने भिमाजीकडून नवी कोरी टाकी आणली आणि तिच्या बदल्यात मला मागितलं. येसूबाई हसली. "घेऊन जा. पर गंजू देऊ नगंस."

मुंबईतल्या पहिल्या प्रदर्शनात तिने माझ्याकडून घडवलेला कमरेएवढा काळा दगड मांडला. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते, तो देव नव्हता की घोडा नव्हता. असल्या शिल्पाला अमूर्त म्हणतात. त्यात नुसता आकार बोलतो. एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "बाई, हे पूर्ण केव्हा होणार?" दालन हसलं. तिच्या पिशवीत माझा नुसता संताप झाला. अजीजुन्निसा शांतपणे म्हणाली, "पूर्ण झालंय. हात लावून बघा." पण भिंतीवर 'हात लावू नये' अशी पाटी होती आणि गृहस्थ नियम पाळणारे निघाले.

मग मात्र दिवस पालटले. तिने मावळातल्या टाकवे बुद्रुक गावी कामासाठी शेड बांधली. गाव तिला आपा म्हणू लागलं. मावळातला काळा दगड आणि मी, एवढ्यावर आपांनी असं काम केलं की या वाटेने आधी कोणी गेलंच नव्हतं, असं मोठमोठी माणसं लिहू लागली. दूरदूरच्या प्रदर्शनांत आमचे दगड गेले. अभिमानाने माझं टोक आणखी तापायचं. एक सल तेवढा राहिला. मुलाखतीला आलेला प्रत्येक जण विचारायचा, "आपण कोणाकडे शिकलात?" आपा सांगायच्या, "येसूबाईकडे. ती पाट्यांना टाकी लावायची." ते थट्टा समजून हसायचे आणि छापताना परदेशी शिल्पकारांची नावं घालायचे. दर वेळी आपा तो कागद घडी करून ठेवायच्या.

येसूबाई म्हातारपणी एकदाच शेडवर आली. तेव्हा 'पकड' नावाचं पुरुषभर उंचीचं शिल्प नुकतं पुरं झालं होतं. तिने त्यावर तळवा फिरवला. "मिरची न्हाई वाटायची यावर," ती म्हणाली, "पर हात ठरतोय." त्याच वर्षी आपांना एक मोठा पुरस्कार मिळाला. येसूबाईच्या त्या शब्दांनंतर मी तो दुसऱ्या नंबरला ठेवते. पुढच्या वर्षी येसूबाई गेली. 'पकड' लोणावळ्यातल्या एका बागेत उभं राहिलं.

वय कोणाला चुकलंय? आपांचे हात थरथरू लागले. एक दिवस त्यांनी मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मित्रांनो, मी गंजले. येसूबाईचा शब्द मोडला म्हणून मला आपांचा रागही आला आणि कीवही आली.

गेल्या वर्षी आपांना ऐंशीवं लागलं. लोणावळ्यातल्या मंडळींनी 'पकड'समोर त्यांचा सत्कार ठरवला. माधवीताई कार्यक्रमाच्या चिटणीस होत्या. दगडावरचं शेवाळ काढायला त्यांनी टाकव्याच्या संदेशला बोलावलं. तिशीतला हा गडी स्वयंपाकाच्या ओट्यांच्या ग्रॅनाइटला पॉलिश करतो. त्याने शेवाळ काढलं. मग आपल्या गावच्या आपांचा सत्कार, म्हणून पदरचे दोन दिवस घालून समोरच्या निम्म्या भागावर मशीनही मारलं. आपांना तो स्वतः रिक्षातून दाखवायला घेऊन गेला.

"आपा, लय खडबडीत झालतं. आता बघा, तोंड दिसतंय त्यात!"

आपांनी तळवा टेकवला. तो सर्रकन खाली आला. "घसरतोय रे, संदेश," एवढंच त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. संदेशचा चेहरा उतरला. माधवीताई घाईने म्हणाल्या, "समोर फुलांची आरास करू, आपा. कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल," आपा म्हणाल्या.

सत्काराला नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी डबा उघडला. आपांनी मला तेलाने घासघासून पुसलं, लोहाराकडून टोक करून आणलं आणि बागेत नेलं. पण हातोडी भलतीकडेच पडायची. चौथ्या घावाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता माझ्याच्यानं नाही व्हायचं."

मागे उभा असलेला संदेश पुढे झाला. "मला दावा, आपा. मीच घालवलंय, मीच करतो."

आपांनी आधी त्याचा हात जुन्या खाचांवर ठेवला, मग चकचकीत भागावर. "तुझ्या ओट्यावर हात घसरायलाच पाहिजे. इथे ठरला पाहिजे." त्याला कळलं, ते मला त्याच्या मुठीवरून कळलं. पहिल्या दिवशी त्याने वाकडंतिकडं काम केलं, मीही एकदा त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला. तिसऱ्या दिवसापासून मात्र गडी मधून कडेकडे सरकू लागला, थेट येसूबाईसारखा.

आठव्या दिवशी पाटीएवढा चकचकीत तुकडा राहिला. संदेशने मला टेकवलं, तोच आपा म्हणाल्या, "थांब. एवढा गुळगुळीतच राहू दे. अक्षरं यावर छान बसतील." त्यांनी हातोडी स्वतःकडे घेतली. "तू टाकी धर."

"तुमचा हात हालतोय, आपा."

"हालू दे. तू घट्ट धर."

त्याने डोळे मिटून मला धरलं. मी आयुष्यात पुष्कळ खाचा पाडल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदाच अक्षरं कोरली. वेडीवाकडी, थरथरती चार अक्षरं: येसूबाई.

सत्काराच्या दिवशी एका पत्रकाराने विचारलं, "हे शिल्पाचं नाव का?" आपा म्हणाल्या, "माझ्या गुरूचं. पाट्यांना टाकी लावायची." या वेळी कोणी हसलं नाही. दगडात कोरलेली गोष्ट थट्टा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ते नाव छापून आलं.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारी पुढे आली. ती येसूबाईची मुलगी धोंडाबाई. तिला वाचता येत नव्हतं. संदेशने तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. "आयचं नाव?" ती म्हणाली. "हितं?" मग तिने पूर्ण तळवा दगडावर ठेवला, आणि तो ठरला.

आता मी संदेशच्या पिशवीत, त्याच्या पॉलिश मशीनच्या शेजारी असते. मला त्याच्याकडे देताना आपा म्हणाल्या, "गंजू देऊ नकोस." मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं अवजार डब्यात पडलं असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, कामाला लावा. आणि ते कोणाच्या हातातून आलं, ते नाव घरातल्या मोठ्यांना आजच विचारून ठेवा.