खडकीचे अंक

सहायक ग्रंथपाल मैत्री कार्यशाळेहून परतली आणि प्राचार्यांनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं. इतिहास आणि साहित्याचं संशोधन आता संगणकावर होतं, त्याला ग्रंथपालांनी कशी मदत करायची, हे तिथे शिकवलं होतं. कोथरूडच्या या कॉलेजात मुख्य ग्रंथपाल मंदाकिनी होती. पण कार्यशाळेला जागा एकच, आणि नाव गेलं मैत्रीचं.

समाधान जुन्या बौद्ध नियतकालिकांवर पीएच.डी. करत होता. पूर्वी तो दारातूनच विचारायचा, "मंदाकिनीताई, सापडलं का?" आता तो सरळ खिडकीशी जायचा. अंक स्कॅन करायचे, लेखकांची गावं नकाशावर मांडायची, असं दोघांचं चाललेलं असायचं.

"चहा इथेच मागवू का? उठायचे कष्ट नकोत," मंदाकिनी म्हणाली.

"मागवा ना ताई, तुमचाही सांगा," मैत्री हसली.

टोमणा तिला लागलाच नाही, हे मंदाकिनीला जास्त लागलं.

शुक्रवारी मैत्री रजेवर होती. समाधानने अंकांचा एक गठ्ठा आणून ठेवला. "मैत्रीला द्याल?" एवढंच बोलून तो गेला. मंदाकिनीने गठ्ठा उघडला. सोमवारी मैत्री यायच्या आत काम आपल्या हातून झालेलं समाधानला दिसायला हवं होतं. तिने अंक लावले, क्रमांक घातले आणि सवयीने प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ग्रंथालयाचा जांभळा शिक्का मारला.

सोमवारी ते पाहून समाधानने एकेक अंक उलटून बघितला. "ताई, हे आपले नाहीत. खडकीच्या ललिताबाईंनी फक्त स्कॅन करायला दिलेत. त्यांचे मिस्टर संपादक होते."

"स्कॅनमधून शिक्का काढता येईल," मैत्री हळूच म्हणाली.

"आणि कागदावरून?" समाधानने विचारलं.

दुपारी ललिताबाई आल्या. शिक्का नेमका नवऱ्याच्या नावावर आडवा बसला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"चूक माझी आहे," मंदाकिनी म्हणाली.

"विहारातल्या पुस्तकांवर मीही शिक्के मारते हो. पण पुस्तक कुणाचं, ते आधी विचारते." मग त्या समाधानकडे वळल्या. "उरलेले अंक घरातून बाहेर जाणार नाहीत. स्कॅनर घेऊन तिकडेच या. या मुलीला आणा बरोबर."

मैत्रीला बाहेरच्या कामाची परवानगी मंदाकिनीच्याच सहीने मिळायची. तिने कागद पुढे ओढला. "किती दिवस?"

"आठवडा तरी लागेल," समाधान म्हणाला.

मंदाकिनीने एक दिवस लिहिला आणि सही केली.