ब्रेक दाबला की डावीकडे

"वीज ही शेवटी वीजच," काका म्हणाले. "घरातली काय न् गाडीतली काय. मला बघितलं की सरळ होते."

एवढं बोलून त्यांनी बाबांच्या मोटरसायकलच्या हॉर्नचं बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही. मागचा लाल दिवा लागला.

काकांनी त्या दिव्याकडे बोट दाखवलं. "बघ, करंट आहे," ते म्हणाले. "फक्त वाट चुकलाय."

जेवायच्या आधी ही गाडी चांगली होती. शंभर सीसीची, आवाज शिलाई मशीनचा, पण इमानी. हॉर्न तेवढा सर्दी झाल्यासारखा वाजायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी लायसन्सची परीक्षा होती, आणि लायसन्सवर माझी नोकरी टांगलेली होती. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, असं काम. लॅबवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी लायसन्स घेऊन या, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. म्हणून मी काकांना फक्त एवढंच म्हटलं होतं, की हॉर्न जरा बघता का.

काका वायरमन. गल्लीतल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्यांचं. गाडीचं त्यांनी आजवर काही केलं नव्हतं, पण ते त्यांना अडचणीचं वाटलं नाही. मी भांडी घासून येईपर्यंत सीट, टाकी आणि दोन्ही बाजूंचे पत्रे ओट्यावर मांडलेले होते. गाडी सोललेल्या कोंबडीसारखी दिसत होती. पुन्हा सगळं चढवलं, तेव्हा गाडीचं डोकं फिरलेलं होतं.

हॉर्न दाबला की मागचा लाल दिवा. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर. उजव्या इंडिकेटरचा खटका सरकवला की हॉर्न. आणि उजवा इंडिकेटर कशानेच लागत नव्हता.

"तू नेमकं केलंस काय?" बाबांनी विचारलं. गाडी त्यांची होती.

"काही नाही रे दादा. साफसफाई."

"साफसफाईने असं होत असतं तर तुझ्या वहिनीने आजवर घर पेटवलं असतं."

काकांनी खिशातून टेस्टर काढला. हा टेस्टर त्यांचा जीव की प्राण. तो बॅटरीला लावला. टेस्टर पेटला नाही. त्यांनी मान हलवली. "बॅटरी मेली."

"मग लाल दिवा कोणाच्या जिवावर लागतोय?" बाबा म्हणाले.

घरच्या विजेचा टेस्टर एवढ्याशा बॅटरीवर पेटतच नाही, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी बॅटरी जिवंत आहे का बघायला तिच्या दोन टोकांना वायरचा तुकडा लावला. फटकन ठिणगी उडाली, काकांच्या भुवईचा वास आला, आणि बॅटरी जिवंत असल्याचं सगळ्यांना पटलं. मग त्यांनी बल्ब बदलून पाहिले. बटणं उघडून फुंकर मारली. प्रत्येक फुंकरीनंतर मी हॉर्न दाबायचे आणि मागे उभे असलेले बाबा म्हणायचे, "लाल."

काकू खिडकीतून बघत होत्या. "अहो, मेकॅनिककडे न्या ती. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मेकॅनिकला विजेतलं काय कळतं?"

"तुम्हाला कळतं ते बघतेय की लग्नापासून."

काकूंचं म्हणणं खरं होतं. आमच्या घरात पंख्याचं बटण दाबलं की ट्यूब लागते. ट्यूबचं दाबलं की मोरीतला दिवा. पंखा लावायचं खरं बटण माजघरात आहे, दाराच्या मागे. हे वायरिंग काकांनी हौसेने केलेलं. ते दुरुस्त कधीच झालं नाही, कारण तोवर आम्हाला सवय झाली. पाहुणे आले की काकू आधी पाणी देतात, मग बोर्ड समजावून सांगतात.

मेकॅनिककडे बाबा जाऊन आले. दुकानाला कुलूप होतं, मेकॅनिक बहिणीच्या घरी गेला होता.

मी पायरीवर बसून रडायच्या बेतात होते. काका शेजारी येऊन बसले. "चिमणे, एक सांगू? हा बिघाड नाहीच."

"मग काय आहे?"

"बिघाड म्हणजे काय, आज एक लागतं, उद्या दुसरं. हिचं तसं आहे का? हॉर्न दाबला की लाल, दर वेळी लाल. शब्दाची पक्की आहे. तू फक्त पाठ कर."

मला हे पटलं. आता विचार केला की लाज वाटते, पण ज्या घरात मी पंखा लावायला माजघरात जात मोठी झाले, तिथे हे न पटण्यासारखं काही नव्हतंच.

अंधार पडेपर्यंत आम्ही अंगणात घोकंपट्टी केली. मी गाडीवर, काका समोर परीक्षेचे साहेब होऊन.

"डावीकडे वळा."

मी ब्रेक दाबला. डावा दिवा लागला.

"हॉर्न वाजवा."

मी उजवा खटका सरकवला. हॉर्न वाजला.

"ब्रेकलाइट दाखवा."

मी हॉर्नचं बटण दाबलं. "लाल," बाबा मागून म्हणाले.

"उजवीकडे?"

मी हात बाहेर काढला. काकांना भरून आलं. "कंपनीच्या इंजिनिअरला जमणार नाही असं," ते म्हणाले. शेवटी शेवटी तर माझा अंगठा मला न विचारताच जाऊ लागला होता.

सकाळी परीक्षेच्या मैदानावर भली मोठी रांग होती. काका बरोबर आले होते, खिशात पाना, टेस्टर आणि काळी टेप. रांगेतल्या लोकांशी त्यांची लगेच गट्टी जमली.

"आजकाल गाड्या कशाही बनवतात हो," ते मागच्या माणसाला सांगत होते. "कालच बघितलं, टाकीखाली एक वायर थेट लोखंडी बॉडीला टेकलेली. उघडी. बाईमाणूस चालवणार, शॉक बसला म्हणजे? मी काढली आणि टेप गुंडाळून टाकली."

मी मागे वळले. "काका, टेकलेली म्हणजे कशी टेकलेली?"

"चांगली घट्ट. बोल्ट मारून."

"बोल्ट कोणी मारला होता?"

"कंपनीने. दुसरं कोण मारणार?"

"कंपनी बोल्ट मारून शॉक देते?"

काकांनी खिशातली टेप आणखी आत ढकलली.

मी त्यांच्या खिशातून पाना काढला. रांगेतल्या दोघांनी टाकी उचलून धरली. आत एक हिरवी वायर होती, तिच्या टोकाला काळ्या टेपचं लिंबाएवढं बोंडूक. मी टेप सोलली. काका मागे सरकून उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "हँडलला हात लावू नका. मी सांगितलं नाही म्हणाल." मी वायर बोल्टखाली घातली, पाना फिरवला, टाकी बसवली आणि हॉर्नचं बटण दाबलं.

हॉर्न वाजला, तोही खणखणीत, सर्दीबिर्दी काही नाही. ब्रेक दाबला, मागचा माणूस म्हणाला, "लाल." डावा लागला, उजवाही लागला. सगळं जिथल्या तिथे. हॉर्न असो की दिवा, परत जायचा करंट त्या वायरीतून बॉडीत जायचा; ती वाट काकांनी बंद केल्यावर बिचारा जो दिवा दिसेल त्यातून घुसत होता.

मला इतका आनंद झाला की मी रांगेतच काकांना मिठी मारली. काकांचा चेहरा मात्र पडलेला होता.

"आता काय झालं?"

"झालं काही नाही," ते म्हणाले. "पण तू पाठ केलंस ते कालच्या बिघडलेल्या गाडीचं."

तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

साहेब पातळ मिशांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "चालवा. पुढे डावीकडे वळा, सिग्नल देऊन."

मी निघाले. डावीकडचं वळण आलं. माझ्या पायाने ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"थांबलात का?"

"सिग्नल देत होते साहेब."

"बरं. समोरून येणाऱ्याला हॉर्न द्या."

अंगठा गेला. उजवा इंडिकेटर लुकलुकायला लागला. साहेबांनी उजवीकडे बघितलं. उजवीकडे भिंत होती.

"ताई, हॉर्न."

"हो साहेब," मी म्हटलं, आणि गडबडीत तोच खटका आणखी जोरात सरकवला.

साहेब कमरेवर हात ठेवून गाडीच्या पुढे आले. "हे राहू द्या. इथे थांबा आणि मागचा ब्रेकलाइट लागतो का दाखवा." असं म्हणून ते मागे जायला निघाले, आणि जाताना खाली पडलेलं पेन उचलायला हेडलाइटसमोर वाकले.

मी ब्रेकलाइट दाखवला. म्हणजे हॉर्न वाजला, अगदी कानाशी. साहेब जमिनीवर बसले.

कुंपणापलीकडून काका ओरडून सांगत होते, "साहेब, चूक तिची नाही, तिला सगळं पाठ आहे."

साहेब उठले, पँट झटकली, आणि स्वतः एकेक बटण दाबून पाहिलं. हॉर्न, ब्रेक, डावा, उजवा. मग माझ्याकडे वळले.

"गाडी पास आहे," ते म्हणाले. "तुम्ही नापास."

लॅबवाल्या बाईंना मी तिथूनच फोन केला. त्या म्हणाल्या की सोमवारी ती दुसरी मुलगी येईल, माझं लायसन्स झालं की कळवावं, बघू.

घरी जाताना गाडी काकांनी घेतली. मी मागे बसले. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. मला शिकवता शिकवता काकांचंही सगळं पाठ झालेलं होतं. त्यांनी कचकन ब्रेक दाबला. मागून एक गादीवाला सायकलवर दोन गाद्या घेऊन येत होता, तो गाद्यांसकट आमच्यावर आला. लागलं कोणालाच नाही. मागचा लाल दिवा फुटला.