किटलीची खबर

रोज सकाळी सहाच्या सुमारास चिझुरुच्या फोनवर चहाच्या कपाचं एक बारीकसं चित्र उमटायचं. त्याचा अर्थ एवढाच, की तिकडे डोंगरातल्या ईदा गावी तिच्या आईने, फुसाएबाईंनी, किटलीची कळ दाबून पहिलं पाणी काढलं. म्हणजे म्हातारी उठली, हिंडतेफिरते आहे. दिवसभर पाणी गरम ठेवणारी ही विजेची किटली चिझुरुनेच दोन वर्षांपूर्वी आईच्या ओट्यावर बसवून दिली होती. आईबाप एकटे राहतात आणि मुलं शहरात, अशा बऱ्याच घरांतून हल्ली ही किटली असते. मुलं निर्धास्त झोपतात. चिझुरुही झोपायची.

मंगळवारी कप आला नाही. उकाडा आहे, फ्रिजमधला सातूचा गार चहा प्यायली असेल, असं चिझुरुने मनाला समजावलं आणि नागोयातल्या दातांच्या दवाखान्यात आपल्या टेबलावर जाऊन बसली. पण दुपारपर्यंत तिने सतरा वेळा फोन पाहिला. संध्याकाळी आईच्या घरातल्या फोनवर लावून पाहिलं, तर घंटाच वाजेना. मोबाइल होता आईकडे, पण तो मोजे ठेवायच्या खणात, बंद करून. "बॅटरी कशाला जाळायची," हे आईचं त्यावरचं उत्तर.

बुधवारीही सहा वाजले, साडेसहा वाजले, सात वाजले. कप नाही.

पोलिसांना कळवावं, तर काय सांगणार? आईने चहा घेतला नाही म्हणून? शेजारच्या कानबेकाकूंना विचारावं, तर त्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता. ज्यांच्या अंगणात ती लहानाची मोठी झाली, त्यांचा नंबर घ्यायचं तिला कधी सुचलं नव्हतं. किटली होती ना. तिने दवाखान्यात दोन दिवसांची रजा कळवली आणि आठची बस पकडली.

बसमध्ये तिला धड बसवेना. दर उन्हाळ्यात बातम्या यायच्या, वीज वाचवायला एसी बंद ठेवून म्हातारी माणसं घरात उकडून गेल्याच्या. आणि आईला तर यंदा वीज वाचवायचं वेडच लागलं होतं. नगरपालिकेचं पत्रक दारोदार वाटलं गेलं होतं, ते तिने फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. फ्रिज खच्चून भरू नका. कपडे साठवून एकदाच मशीन लावा. अंघोळीच्या टबातलं उरलेलं पाणी मशीनला घाला. भात कुकरमध्ये तासन्तास गरम ठेवू नका. आईने मागे हे सगळं फोनवर पाठ म्हणून दाखवलं होतं, आणि "ऐकतेस ना?" असं मध्ये विचारलंही होतं. चिझुरु तेव्हा हं हं करत नखं कापत होती. एसीबद्दल पत्रकात काय होतं, ते आता काही केल्या आठवेना. बोगदा आला की फोनची रेंज जायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. शेजारच्या सीटवरच्या बाईने शेवटी विचारलं, "बरं नाही का वाटत?" चिझुरु म्हणाली, "बस जरा हळूच चाललीय, नाही?" बस चांगली भरधाव चालली होती.

ईदाच्या थांब्यापासून ती घरापर्यंतची चढण धापा टाकत चढली. दार उघडंच होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता.

फुसाएबाई आणि कानबेकाकू स्वयंपाकघरात बसून काकडीचं लोणचं खात होत्या. एसी मंद चालू होता.

"अगंबाई, तू? आज कामाचा दिवस ना?" आई म्हणाली. "आणि हे काय, भिजलीस किती घामाने."

चिझुरुला रडू आणि राग एकदमच आले, त्यातला राग आधी बाहेर पडला. "दोन दिवस कप नाही, फोन लागत नाही. मी काय समजायचं?"

"कप नाही कसा?" फुसाएबाई उठल्या, ओट्याशी गेल्या. "रोज दाबते की मी. काल तर तीनदा दाबली. हे बघ." आणि त्यांनी कळ दाबून दाखवली. किटलीतून गार पाणी पडलं.

चिझुरुने वायर धरून मागे पाहिलं. किटली, फोन आणि भाताचा कुकर एकाच बोर्डावर होते, आणि बोर्डाचा लाल दिवा विझलेला होता.

"पत्रकात होतं, वापर नसेल तर बोर्डच बंद करा," आई म्हणाली. "ही बया दिवसभर वीज खाते. परवा रात्री बोर्ड बंद केला, तेव्हापासून मी सकाळी गॅसवर पाणी उकळून थर्मासात भरते. पण तुझ्यासाठी कळ मात्र न चुकता दाबते."

"आई, वीज नसेल तर खबर कशी जाणार? आणि फोनही त्याच बोर्डावर आहे."

"असं होय. मला वाटलं, वीज फक्त पाणी तापवायला लागते."

"मलाही तेच वाटलं," कानबेकाकू काकडी चावत म्हणाल्या. "फेब्रुवारीत मी बारा दिवस नुसती कळच तर दाबत होते, आणि तेव्हा बरोबर पोचत होतं की."

फुसाएबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंचं चावणं थांबलं.

"फेब्रुवारीत तुम्ही का दाबत होतात, काकू?"

मग आईच म्हणाली, "काही नाही गं. न्यूमोनिया झाला होता. इस्पितळात होते थोडे दिवस. बर्फ पडत होतं, तुझी धावपळ कशाला, म्हणून यांना किल्ली दिली आणि सांगितलं, रोज सहाला येऊन पाणी काढत जा."

फेब्रुवारीत चिझुरु मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली होती. तिथे तिने कप दाखवला होता सगळ्यांना. बघा, आमची म्हातारी उठली.

"आणि माझा फोन आला असता तर?" तिने विचारलं.

"ते पढवून ठेवलं होतं यांना," आई म्हणाली. "दिवसा आला तर भाजी आणायला गेलीय म्हणायचं, संध्याकाळी आला तर अंघोळीला. या बिचाऱ्या रोज संध्याकाळी तासभर फोनपाशी बसायच्या. पण तुझा फोन आलाच नाही. सुटलो आम्ही."

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता, तर चिझुरुला उलटून काहीतरी बोलता आलं असतं.