कोणीच न टाकलेला आकडा

“सर, मी अकराशे पंच्याहत्तर टाकलेच नाय,” फोनवर हर्षाली म्हणाली. “उन्हाळ कांद्याला अठराशे पंच्याहत्तर टाकले होते. शेतकरी लय तापलेत, अन मॅनेजर म्हणतात, उद्यापास्नं येऊ नको.”

चांदवडजवळच्या एका खासगी कांदा मार्केटात लिलावाचे भाव फलकावर चढवायचं तिचं काम. फलकामागचं सॉफ्टवेअर नाशिकच्या ज्या कंपनीनं केलं, तिथं धम्मपाल नोकरीला. त्याच्या मागून आलेले मॅनेजर होऊन गेले. हा अजून इतरांनी सोडून दिलेले बग घेऊन बसतो. बढतीपेक्षा ‘असं का झालं?’ याचीच त्याला हौस. बायकोनं केव्हाच हात टेकलेत.

“बोटं चुकली असतील तिची,” शेजारची निकिता म्हणाली. “रीस्टार्ट करायला सांग आणि विषय संपव.”

“पण मग अकराशेच का? तेव्हा गोल्टीचा भाव काय होता?”

गोल्टी म्हणजे बारीक कांदा. भाव होता अकराशे तीस. धम्मपाल खुर्चीत पुढे सरकला. अर्धा आकडा गोल्टीचा, अर्धा उन्हाळचा!

त्यानं आपली नेहमीची युक्ती काढली. गोल्टीच्या भावाच्या जागी चार क, उन्हाळच्या जागी चार ख, आणि दोन्ही भराभर पाठवत राहिला. चहा गार झाला तरी सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. निकिता गालातल्या गालात हसली. तेवढ्यात पडद्यावर उमटलं: ककखख.

“हे बघ! हे कुणाच्या बोटांनी टाईप केलं?” तो ओरडलाच.

प्रोग्राम ज्या रनटाइमवर, म्हणजे खालच्या पायाभूत सॉफ्टवेअरवर, चालतो त्यातच खोट होती. सामाईक मेमरीत त्याचा एक भाग जुन्या भावावरच नवा भाव लिहायचा आणि दुसरा भाग थेट तिथूनच उचलून फलकाला द्यायचा. पाटीवर लिहून व्हायच्या आत कुणी मोठ्यानं वाचू लागावं, तसं. धम्मपालनं लिहिणाऱ्या भागाला क्षणभर थांबवून आधी प्रत घ्यायला लावली आणि ती प्रतच बाहेर पाठवली. कितीही पळवलं तरी क आणि ख पुन्हा मिसळले नाहीत. त्याला लहान पोरासारखा आनंद झाला.

लगेच त्यानं चांदवडला फोन लावला. “हर्षालीताई, चूक आमच्या प्रोग्रामची होती. तुमचा आकडा बरोबर होता.”

पलीकडे लिलावाचा गलका. त्यात तिनं कुणाला तरी हाक मारली.

“ताई?”

“थांबा सर, स्पीकरवर टाकते. मॅनेजर इथंच हायेत. परत सांगा.”

धम्मपाल नकळत खुर्चीतून उठून उभा राहिला. मग मोठ्यानं, सावकाश, त्यानं पुन्हा सांगितलं.