हीटरखालचे पारखी

तो हीटर बिघडला नव्हता. मी बंद केला होता, आणि मुद्दाम केला होता. गावात कुणी विचारलं तर अजूनही "बर्फ मऊ पडत होता" असंच सांगते, पण तुमच्यापासून काय लपवायचं?

फॉक्सबरीच्या रिंकमधला बर्फ एकवीस वर्षं मीच सांभाळतेय. बर्फावरच्या हॉकीचा एक टप्पा संपला की गाडी फिरवून ओरखडे बुजवायचे, वर गरम पाण्याचा थर द्यायचा, हे माझं काम. गाडी ठेवायची खोली पश्चिमेकडच्या गोलच्या बरोब्बर मागे आहे आणि तिला काचेची खिडकी आहे. त्या खिडकीतून मी माझ्या भाच्याला, मायरनला, बारा वर्षांचा असल्यापासून बघतेय. आमच्या संघाचा गोली, म्हणजे गोलरक्षक तो.

काय पोरगं आहे म्हणून सांगू! समोरचा मारणार कुठे हे त्याला मारणाऱ्याच्या आधी कळतं. तो आधीच तिथे जाऊन उभा राहतो आणि पक, म्हणजे ती रबरी चकती, धप्पकन त्याच्या छातीवर येऊन आदळतो. ना उडी, ना लोळण. लांबून बघणाऱ्याला वाटतं, नशीबवान आहे लेकाचा, सगळे अंगावरच मारतायत.

आणि पारखी बघायचे ते लांबूनच. मोठे संघ दर जूनमध्ये ड्राफ्ट करतात, म्हणजे पोरं निवडतात. त्यासाठी त्यांची माणसं हिवाळाभर गावोगाव फिरत असतात. बाहेर उणे तीस आणि आमच्या रिंकमध्ये हीटर फक्त पूर्वेकडच्या बाकांवर. मग हे शहाणे कॉफीचा पेला घेऊन सरळ तिथे जाऊन बसायचे. आमचा संघ पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात पश्चिमेचा गोल राखतो. म्हणजे मायरन त्यांच्यापासून साठ मीटर लांब, आणि पाहुण्यांचा गोली त्यांच्या नाकासमोर कोलांट्या मारतोय. वहीत नाव कुणाचं जाणार? त्यात मायरनची उंची पाच फूट अकरा. सहा फूट दोनच्या खालचा गोली या लोकांना दिसतच नाही मुळी.

दोन ड्राफ्ट असेच गेले. हा तिसरा आणि शेवटचा, कारण पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता.

"मी बोलते त्या गार्थशी," मी त्याला म्हटलं. गार्थ हा सगळ्यात जुना पारखी, गुडघे गेलेला, पण माणूस सरळ.

"आत्या, शपथ आहे तुला," मायरन म्हणाला. "माझ्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. जन्मभर वशिल्याचा गोली म्हणतील मला."

"आणि नाही झालं तर?"

"बाबांबरोबर गॅरेजात टायर बदलीन." एवढं बोलून तो बुटांच्या नाड्या आवळायला खाली वाकला. मग काय, घेतली शपथ.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी स्टोनी हिलशी शेवटचा सामना होता. हरलो की मोसम संपला. सहा पारखी आले आणि सहाही हीटरखाली बसले. माझं डोकंच फिरलं. खेळ सुरू व्हायच्या आत मी माझ्या खोलीत गेले आणि हीटरचा खटका पाडला.

दहा मिनिटांत बोंबाबोंब. "ओलेना, अगं मारतेस की काय आम्हाला?"

"बर्फ मऊ पडतोय!" मी ओरडले. बर्फाच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायची गावात कुणाची टाप नाही.

पाच पारखी आपापल्या गाड्यांत इंजिन चालू करून बसायला निघून गेले. गार्थची गाडी लांब लावलेली, म्हणून तो लंगडत माझ्या खोलीत आला. तिथे गरम पाण्याचा बॉयलर आहे ना.

"ओलेना, जरा शेकू दे बाई."

मी त्याला स्टूल दिलं. बटाट्याच्या पिरोगींची, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांची, ताटली दिली. स्टूल खिडकीसमोर होतं, त्याला मी काय करणार?

"आता उजवीकडून मारतोय बघ," गार्थ खाता खाता म्हणाला. पण स्टोनी हिलच्या पोराने पक डावीकडे ढकलला. मायरन डावीकडेच उभा होता. धप्प.

"हे याला कसं कळलं?"

मी एक अख्खी पिरोगी तोंडात कोंबली. शपथ होती ना!

गार्थ पुन्हा बोलला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदाही चुकला, तेव्हा त्याने ताटली खाली ठेवली. "चाळीस वर्षं हेच करतोय मी. मी तीनदा चुकलो आणि हा एकदाही नाही. ओलेना, हा मुलगा इतके दिवस होता कुठे?"

मी काटा उचलला आणि खिडकीतून पार समोर दाखवला, पूर्वेकडे, त्या रिकाम्या बाकांकडे. तोंडातून शब्द काढला नाही. म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या टप्प्यात गोल बदलले, मायरन पूर्वेला गेला. तर हा बाबा गुडघे धरत त्याच्या मागे पूर्वेला, त्या गारठ्यात! तिसऱ्याला परत माझ्या खिडकीशी. आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटच्या मिनिटात स्टोनी हिलने तीनदा मारलं आणि तिन्ही वेळा मायरन आधीच तिथे. भोंगा वाजला तेव्हा गार्थ दोन्ही हातांनी काच बडवत होता.

जूनमध्ये रिंकला बर्फ नसतो, नुसती फरशी असते. तिच्यावर खुर्च्या टाकून सगळं गाव मोठ्या पडद्यासमोर ड्राफ्ट बघायला बसलं. नावांच्या सात फेऱ्या. एकामागून एक गोली घेतले, सगळे ताडमाड. पाचवी फेरी गेली, सहावी गेली. माझा भाऊ उठून बाहेर गेला. मायरन हातावर हात बांधून बसला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आपण उगाच आशा लावली पोराला, असं वाटून मी स्वतःलाच शिव्या देत होते.

सातव्या फेरीत पडद्यावर गार्थच्या संघाचा माणूस अडखळत म्हणाला, "फॉक्सबरी गावचा, मायरन पिडलुबनी."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. खुर्च्या उलथल्या, भाऊ रडत धावत आत आला, मी तर हुंदके देऊन रडले. लाज कसली त्यात!

तेवढ्यात मायरनचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि माझ्याकडे वळला.

"गार्थ म्हणतोय, आत्याला सांग, तो हीटर कधी दुरुस्त करू नको." त्याचे डोळे बारीक झाले. "आत्या, तू शपथ मोडलीस?"

"एक शब्द बोलले नाही. विचार त्याला!"

"मग हीटर?"

"खटक्याची शपथ कुठे घातली होतीस?"

मग त्याने मला, साठ वर्षांच्या बाईला, कमरेला धरून उचललं आणि गावासमोर गरगरा फिरवलं. खाली ठेवलं तेव्हा तो हसत नव्हता.

"आत्या, आपल्या मुलींच्या संघातली गोली, लारिसा, बघितलीस? पाच फूट चार आहे, पण माझ्यापेक्षा आधी पोचते."

"मला सांगतोस? खिडकी माझी आहे."

त्याने खिशातून स्टिकला गुंडाळायची टेप काढली, माझ्या खोलीत गेला आणि हीटरचा खटका खाली पाडून त्यावर टेपचे चार वेढे दिले. ती टेप अजून आहे. हिवाळा आला की पारखी कुडकुडत माझ्या दाराशी येतात, आणि मी त्यांच्यासाठी आता सहा स्टुलं ठेवलीत.