अनोळखी पुरुष, खांद्यावर टॉवेल

दार. खुर्ची. कपात चहा, गरम.

असं ती दिवसभर बोलायची. म्हणजे बोलायचा चष्मा, तिच्या उजव्या कानात. आणि ती शाळेतल्या मुलीसारखी त्याच्यामागून मोठ्याने म्हणायची. चावीवाल्यांना आधी हसू यायचं. मग सवय झाली. मग तर बरंच वाटायला लागलं, कारण दिवसातून कितीदा तरी त्यांच्याकडे बघून ती म्हणायची, "नवरा."

बस, तेवढंच. पण ज्या माणसाला मागच्या थंडीत त्याच्याच बायकोने दारात अडवून "काय काम होतं?" असं विचारलं होतं, त्याला तेवढंही पुष्कळ होतं.

चष्मा लेकीने पाठवला होता. दिसायला साधाच, काड्या तेवढ्या जाड. समोरची वस्तू, समोरचा चेहरा ओळखायचा आणि कानात सांगायचा. चेहरे भरायचं काम चावीवाल्यांनी स्वतः केलं: लेक, जावई, समोरच्या शिंपीणकाकू, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि सगळ्यात शेवटी, लाजत लाजत, स्वतः. त्रास होताच. तिचा कान ठणकायचा, नाकावर वळ उठायचा. दुपार कलली की चार्जिंग संपायचं. मग चष्मा चार्जिंगच्या डबीत आणि ती खिडकीशी गप्प. पण तोवर चावीवाले दुकानात गेलेले असत. संध्याकाळी ते येईपर्यंत चष्मा पुन्हा नाकावर. रात्री दिवा मालवला की उतरायचा, आणि सकाळी तिने नीट डोळे उघडायच्या आत तेच तो चढवून द्यायचे.

आता मिशी. मिशीचं सांगायलाच हवं.

सुट्टीचा दिवस होता. तिने सकाळी हात पुढे केला, त्यांच्या ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "टोचते हो ही."

हे चष्मा बोलला नव्हता. हे तिचं होतं! लग्न झाल्यापासून ती हेच म्हणत आली होती आणि त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. चावीवाले हरखून गेले. एवढ्या दिवसांनी बायकोने तोंड उघडून काही मागितलं, ते काय, तर मिशी! घे बाई. शीळ घालत बाथरूममध्ये गेले, गुळगुळीत होऊन बाहेर आले.

"पुरुष," ती म्हणाली. मग तिचा रंगच उतरला. "अनोळखी पुरुष. खांद्यावर टॉवेल."

"अगं, मीच."

"घरात कुणी घेतलं तुम्हाला?"

"अगं वेडाबाई..."

"वेडाबाई कुणाला म्हणता? येऊ देत आमच्या ह्यांना, मग कळेल!"

हाताला लागली ती छत्री. पुढचं काही सांगण्यासारखं नाही. चावीवाले जिन्यात, अंगात बनियन, एका कानामागे साबणाचा फेस, आणि मागे दार धाडकन बंद.

कुलूप उघडायला त्यांना एक तार पुरली असती. उभ्या गावाची दारं त्यांनी उघडून दिली होती. पण उघडून करणार काय? आत बाई थरथरतेय, आणि अनोळखी पुरुष कुलूप काढून आत शिरतोय!

त्यांनी समोरचं दार वाजवलं. शिंपीणकाकू गळ्यात टेप घेऊनच बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून हसत सुटल्या. "अहो, मिशीच्या खाली हे तोंड होतं होय? तिचं काय चुकलं, मीही पोलिसच बोलावले असते."

"काकू, हसताय काय. दार उघडायला सांगा."

काकूंनी हाक मारली. दार फटीएवढं उघडलं. "समोरच्या काकू," आतून सुटकेचा आवाज आला. आणि लगेच, "सोबत अनोळखी पुरुष."

"अगं, हे तुझे..."

"पाहुणे," चावीवाले घाईने म्हणाले. दार पुन्हा मिटायच्या बेतात होतं. सुचलं ते बोलून गेले.

"मग आधी नाही का सांगायचं? या, बसा."

तिने पाणी दिलं. ते डुगडुगत्या खुर्चीत बसले. काकूंनी लेकीला फोन लावला.

"बाबा, असं कसं करता! आधी विचारायचं तरी."

"मिशी काढायला तुला विचारू?"

"बरं, ऐका. नवा फोटो टाका. चष्मा आईला विचारेल. ती हो म्हणाली की झालं."

फोटो टाकला. चष्म्याने विचारलं असावं, कारण ती सवयीने मोठ्याने म्हणाली, "ही व्यक्ती तुमचा नवरा आहे का?" आणि म्हणून झाल्यावर अर्थ कळून कानापर्यंत लाल झाली. "इश्श! काहीतरीच काय! नाही."

"अगं, हो म्हण," काकू म्हणाल्या.

"हो काय म्हण? काकू, तुम्हाला काही जनाची?"

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग चष्म्याचाच धीर सुटला. "नोंद केली," तिने सांगितलं. "नवरा नाही."

"सगळा दोष ह्या डबड्याचा," चावीवाले काकूंना म्हणाले. "संपू दे चार्जिंग. आवाज ऐकेल, चालणं बघेल. तिने काय मिशीशी लग्न केलं होतं?"

काकू शिवण पडलं होतं म्हणून गेल्या.

खिडकी.

पंखा.

अनोळखी पुरुष. बसलेला.

अनोळखी पुरुष. अजून बसलेलाच. (यातलं 'अजून' तिचं.)

ऊन भिंतीवरून सरकत खाली आलं आणि ती बोलायची थांबली. चष्मा काढला, डबीत ठेवला, नाक चोळलं. चावीवाले खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"चिमणे," ते म्हणाले. चारचौघांत कधी न उच्चारलेलं नाव. "मी आहे."

तिने पाहिलं. चष्म्यातून कधी पाहिलं नव्हतं इतका वेळ पाहिलं. कपाळ, कान, हनुवटी. हरवलेली वस्तू शोधावी तशी एकेक जागा उचकून. मनापासून शोधत होती, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी अंगठा पुढे केला, जुना भाजल्याचा डाग असलेला. भाजलं तेव्हा तिनेच त्याला मलम लावलं होतं. तिने अंगठा धरला, त्यावर फुंकर घातली.

"दुखतंय का?"

"नाही."

"रागावू नका," ती म्हणाली. "मला कुणीच आठवत नाही आता. तो सांगतो, म्हणून मी म्हणते."

"आणि नवरा?"

"तो म्हणतो नवरा, मी म्हणते नवरा. मिशी आहे त्यांना. स्वभावाने बरे वाटतात."

चावीवाल्यांनी अंगठा हळूच मागे घेतला. म्हणजे थंडीनंतर ती परत आलीच नव्हती. ज्या एका शब्दावर ते दिवस काढत होते, तो लेकीने पाठवलेल्या चष्म्याच्या काडीतून येत होता. आणि ते 'टोचते हो' तरी मग कुणाला होतं? त्यांनी तो विचार तिथेच सोडला.

तिन्हीसांजेला ती उठली आणि चपला घालू लागली.

"कुठे निघालीस... निघालात?"

"आमच्या ह्यांना बघून येते. एवढा उशीर करत नाहीत. तुम्ही भले आहात हो, पण परक्या माणसाबरोबर किती वेळ बसायचं?"

त्यांनी शर्ट चढवला. "मीही येतो शोधायला."

"ओळखता त्यांना?"

"थोडंफार."

जिना उतरल्यावर ती थांबली. "जरा मागून चला. लोक नावं ठेवतील."

ते चार पावलं मागे राहिले. कोपऱ्यावर औषधवाला शटरला तेल देत होता.

"अहो, आमचे हे दिसले का?" तिने विचारलं.

औषधवाल्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. तोंड उघडलं. चावीवाल्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही बुवा," तो म्हणाला. "आज नाही दिसले."

"मग पुढे बघते," ती म्हणाली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागली. चावीवाले अंतर राखून मागोमाग निघाले.