शीतलचा न तपासलेला पेपर

मित्रांनो, सेनगावकडच्या एका पदवी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात एका पायाखाली वीट घेऊन जे हिरवं लोखंडी कपाट उभं आहे ना, ते म्हणजे मीच. जाता-येता पोरं मला लाथ घालतात. घाला बापड्यांनो! तुमचे पेपर इतकी वर्षं पोटात सांभाळले, त्याचं हे बक्षीस.

हिंगोलीच्या एका कारागिरानं पत्रा ठोकून मला घडवलं. कॉलेजात आणलं त्या दिवशी मला हार घातला होता, नारळही फुटला होता. कला, वाणिज्य, विज्ञान, तिन्ही पदव्यांच्या चाचण्यांचे गठ्ठे माझ्यात ठेवत. मुलांना काय आलं, काय नाही आलं, हे त्यावरून ठरवायचं असा नियम. नियम कागदावर झकास! वनस्पतिशास्त्राचे शिवप्रसाद सर तसे भले माणूस, पण काम अंगावर आलं की यादी पुढ्यात घेत आणि वरून खाली मार्क भरत जात. सोळा, सतरा, सोळा. गठ्ठ्याची सुतळी काही सुटायची नाही. मग कॉलेज तपासणारी समिती यायची, टक्केवारीचे तक्ते बघायची आणि मला थोपटून म्हणायची, "वा, काय टापटीप!" खोटं कशाला बोलू, मीही फुशारून जायचो.

त्याच यादीत साखरा गावची शीतल होती, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. दसऱ्याआधी तिनं चाचणी लिहिली आणि दिवाळीच्या सुट्टीत तापानं ती गेली. तिचे वडील जळबा ऑफिसात येऊन तातेराव कारकुनांना सांगून गेले. तातेराव हळहळले, "नाव कमी करतो" म्हणाले, आणि विसरले. झालं! पहिल्या सत्रात शीतलला सोळा. दुसऱ्या सत्रात सतरा. तिसऱ्यात पुन्हा सोळा. गेलेली पोर माझ्या पोटात पास होत राहिली.

ती यादी आत आली की भर उन्हाळ्यात माझा पत्रा गार पडायचा. तिचा खरा पेपर तळाच्या खणात, सुतळीनं आवळलेला. वारा नसताना तिथून पानं सळसळायची. शिपाई म्हणायचा, उंदीर असेल. कसला उंदीर! तेव्हा माझ्यात मुंगीलासुद्धा शिरायला फट नव्हती. मला फार भीती वाटायची, मित्रांनो.

यंदा समितीवर छाप पडावी म्हणून पालकांच्या मोबाईलवर मार्क धाडले. दुसऱ्याच दिवशी सकाळी जळबा सरांपुढे उभे.

"सर, माझ्या शीतलला सोळा मार्क पडले म्हनून मेसेज आला. तिला जाऊन साल उलटलं. तिच्या नावानं कोन पेपर लिवून राहिलं?"

सरांनी हात जोडले. "चूक झाली, जळबाभाऊ. मी न बघताच मार्क भरले. माफ करा."

"माफीचं ऱ्हाऊ द्या. तिनं सोताच्या हातानं लिवलेलं काही हाय का तुमच्यापाशी?"

सरांनी मला उघडलं, खाली बसून सुतळी तोडली. पेपर निघाला. निळी, तिरकी अक्षरं. लाल शाईचा एक ठिपका नाही. सर तो तसाच देऊ लागले, तर जळबांनी हात मागं घेतला.

"असा नगं. तपासून द्या. चुकलं तितं लाल रेघ मारा."

सर तिथंच जमिनीवर बसून वाचू लागले. शेवटी त्यांनी आकडा टाकला. वीसपैकी अकरा.

"हळदीचं चुकलं," सर हळूच म्हणाले. "हळकुंड म्हणजे मूळ, असं तिनं लिहिलंय. ते जमिनीतलं खोड असतं."

"व्हय? आमी तर मूळच समजतो. माझ्याकडूनच आयकलं आसंल तिनं." जळबांनी लाल खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सर, हे तिला तवाच काहून न्हाई सांगितलं? दसऱ्याआधी पेपर दिला. दिवाळीपर्यंत व्हती की ती."

सरांनी मान खाली घालून पेपर त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, नुसते मार्क घेऊन घरी जाऊ नका. आपला पेपर मागा, कुठं चुकलं ते विचारा, आणि आजच विचारा. माझ्या तळाच्या खणात शीतलच्या वर्गाचे अजून एकोणचाळीस पेपर पडलेत. ती सगळी पोरं अजून आहेत.